गृहपडताळणीचं पान

सोळा तारीख, मंगळवार, दुपार

प्रिय भिंगरी,

पाकीट फेकून द्यायच्या आधी आत नीट बघ, टाचणीने लावलेला आणखी एक कागद आहे. तो हरवू नकोस. पण इतक्यात वाचूही नकोस, आधी माझं ऐकून घे. बघ, पहिल्याच ओळीत हुकूम सोडायला लागले. तू चिडवायचीस ना, ताईने पत्र लिहिलं तर त्यालाही जावक क्रमांक घालेल म्हणून? नाही घातलेला. ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये, जेवणाच्या सुट्टीत, दोन कपाटांच्या मधल्या फटीत स्टूल टाकून लिहितेय. कुणी आलं की मांडीवरची फाइल वर ओढते. कागद मांडीवर आहे, तेव्हा अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच.

फोन का नाही केला म्हणशील. एक तर फोन आईच्या उशाशी असतो. आणि दुसरं म्हणजे मला ते जमणार नाही. तू पलीकडून "काय गं ताई" म्हणालीस की मी लगेच पाण्याची वेळ, गुडघेदुखी, शेजारचं बांधकाम यांवर घसरते. चौदा वर्षं दर रविवारी आपण तेच बोलत आलोय. हा पत्ता मला कुठून मिळाला, हेही विचारशीलच, कारण आम्हाला तू दिलेला पत्ता शिवणाच्या कारखान्याचा होता. हा मी चोरलाय. तुझ्या परवान्याच्या अर्जावरून उतरवून घेतला. अर्जातली माहिती खाजगी कामाला वापरली तर नोकरी जाते, आणि तशी सूचना मीच टाइप करून नोटीसबोर्डावर लावलेली आहे. तर आता तुला कळलंच, की तुझा अर्ज मी पाहिला. लिहून टाकलं बाई एकदाचं. पाणी पिऊन येते.

आले. आधी आईचं सांगते, नाहीतर तुझा जीव टांगणीला लागेल. गुरुवारी तिच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ते रविवारी फोनवर तिने सांगितलंच, पण ती सगळं गोडच सांगते, म्हणून माझ्याकडून ऐक. व्यवस्थित झालं. एक दिवस पट्टी होती, आता काळा चष्मा लावून खिडकीत बसते आणि समोरच्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरं मोठ्याने वाचते, लहान मुलासारखी. डॉक्टरांनी वाकू नका म्हणून बजावलंय, म्हणून मुद्दाम पडलेल्या वस्तू शोधून उचलते. मी ओरडले की म्हणते, वाकले नाही, बसून उचललं. म्हणजे तब्येत ठीक आहे, काळजी करू नकोस. काळजी करायला मी आहे ना. 

तुमच्या शहरातून टपालाचा गठ्ठा आला तो गेल्या सोमवारी. नवा कायदा झाल्यापासून असे गठ्ठे येतात. अर्ज कुठेही करा, पण पडताळणी मूळ पत्त्याच्या परवाना विभागाने करायची, आणि आपल्या घराच्या पत्त्याचा परवाना विभाग म्हणजे आम्ही, म्हणजे माझंच टेबल. मी एकेक अर्ज काढून फोटोवर शिक्का मारत होते. चौथ्या फोटोवर शिक्का मारला आणि मग पाहिलं. तू केस कापलेत. भुवईवरची ती खूण, जिन्याच्या कठड्यावरून पडलीस तेव्हाची, तशीच आहे. शिक्क्याची कडा बरोबर तुझ्या गालावर आली होती. मी ती पदराने, रुमालाने, थुंकीने पुसायला बघितली. आमच्या ऑफिसात चांगल्या प्रतीची येते ती एकच गोष्ट, शाई, ती निघाली नाही.

मग अर्ज वाचला. खोली क्रमांक सात, दुसरा मजला, खिडकी एक, दाराला आतून कडी आहे, धोक्याची घंटा आहे. व्यवसायाच्या पुढे तू जे लिहिलंस ते सरळ, सुवाच्य अक्षरात लिहिलंस, खाडाखोड नाही. आणि 'परवाना कशासाठी हवा' या चौकटीत. तिथे सगळ्याजणी 'उदरनिर्वाह' लिहितात, एकीचं बघून दुसरी. तू लिहिलंस, "मारहाण झाली तर पोलिसांत तक्रार करता यावी म्हणून." अगं, मागच्या वर्षी दोन रविवार तुझा फोन आला नव्हता. मग म्हणालीस, जिन्यावरून पडले, जबडा सुजलाय, बोलता येत नाही. मी तुला विचारलं का, की जिन्यावरून पडून जबडा कसा सुजतो? मी म्हणाले, बर्फ लाव. आणि पाण्याच्या वेळेवर बोलायला लागले.

मला माहीत होतं का, असं तू विचारलंस तर काय सांगू? तू कारखान्यातून म्हणून उशांचे अभ्रे पाठवायचीस. आई ते साऱ्या मजल्याला दाखवायची, आमच्या धाकटीच्या हाताखाली दहा बायका आहेत म्हणून. मी धुवायला घेतले की आतल्या शिवणीत दुकानाची चिठ्ठी कापल्याचे दोरे दिसायचे, प्रत्येक वेळी वेगळ्या रंगाचे, म्हणजे विकत घेतलेले. मी ते दोरे कात्रीने आणखी बारीक कापून टाकायचे. तर माहीत होतं की नाही, हे तूच ठरव. मी स्वतःला म्हणत आले की तिने सांगितलं नाही. पण विचारलं कुणी होतं?

आता कायद्याचं. तुझ्या-माझ्या मध्ये जे अडकलंय ते तिथेच अडकलंय, म्हणून नीट सांगते, कंटाळू नकोस. हा धंदा कायदेशीर करावा की नाही यावर वर्षभर आमच्या ऑफिसात नुसता धुरळा. हेडक्लार्क म्हणायचे, सरकारने एकदा शिक्का मारला की लाज म्हणून उरणार नाही. मी त्यांच्याशी भांडायचे बरं का! भर ऑफिसात म्हणाले होते, लाज त्या बायकांना एकट्यांनाच का, त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांना नको का? आणि कागद नाही म्हणून ज्या बाईला कुणीही येऊन झोडपतं, तिला कागद द्यायला तुमचं काय जातं?  साहेब म्हणाले, बाई, तुम्हाला एवढी कळकळ आहे तर अर्जाचा नमुना तुम्हीच बनवा. मी फुगले. कायदा चांगलाच आहे गं, अजूनही मी तेच म्हणेन. पण नमुना मी बनवला, तोच पुढे तुमच्या शहरातही गेला, आणि घोळ तिथे झाला.

दोन दिवसांत नमुना द्यायचा होता. आमच्याकडे नवीन काही करायचं म्हणजे जुनं काहीतरी काढायचं आणि मथळा बदलायचा, ही आमची रीत. खोलीची मापं मी लॉजच्या परवान्यातून उचलली. बाकी सगळा अर्ज फेरीवाल्यांचा. त्यात तिसरं पान असतं, गृहपडताळणीचं. भाजीवाल्याने खोटं नाव देऊन दोन-दोन परवाने घेऊ नयेत म्हणून शिपाई त्याच्या मूळ घरी जातो आणि घरातल्या मोठ्या माणसाला विचारतो, ही व्यक्ती या घरची आहे काय? होय किंवा नाही, खूण करा, खाली सही करा. भाजीवाल्याच्या घरी काय, शिपायाला बसायला खुर्ची देतात, होय म्हणतात आणि वर चहा पाजतात. कायद्यात हे पान कुठेच मागितलेलं नाही. कायदा एवढंच म्हणतो की ओळख पटवावी. मी ते पान काढायचं विसरले असंही नाही. मला वाटलं, असू दे, तेवढीच फाइल भरीव दिसते.

आणि मला सांगितलं होतं हं, कुणी सांगितलंच नाही असं नाही. नमुना कायम करण्याआधी आम्ही एक सभा घेतली, ज्यांना हरकती असतील त्यांनी यावं म्हणून. आठ-दहा बायका आल्या होत्या, मागच्या बाकांवर दाटीने बसलेल्या. त्यातली एक चष्मेवाली उठली. तिने आमचा नमुना पेन्सिलीने खुणा करकरून वाचला होता. म्हणाली, दर महिन्याला डॉक्टरकडे आम्ही जायचं, ठीक आहे, पण येणाऱ्याला कुणी तपासायचं? साहेबांनी छताकडे पाहिलं. मग म्हणाली, परवान्याच्या कार्डावर नाव नको, नुसता नंबर द्या. आणि तिसरं म्हणजे, मॅडम, घरी कागद पाठवू नका. आमच्या घरी माहीत नाही. माहीत झालं तर घर राहणार नाही. मग त्या चौकटीत पत्ता कुठला लिहायचा? मी माइक पुढे ओढून म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा, भाजीवाल्याला जो तोच तुम्हाला, आम्ही भेदभाव करत नाही. साहेबांनी मान डोलावली. मला वाटलं, काय सणसणीत उत्तर दिलं. त्या चष्मेवालीने खुणा केलेली प्रत घडी घालून पिशवीत ठेवली आणि खाली बसली.

'नाही' आलं की काय होतं ते तुला तिकडे कुणी सांगितलंय की नाही, माहीत नाही. अर्ज बाद. तीन वर्षं पुन्हा करता येत नाही. एक तारखेपासून कायदा लागू झाला की परवाना असलेल्या घराला कार्ड नसलेली बाई ठेवता येणार नाही, ठेवली तर त्या घराचा परवाना जाईल, म्हणजे कुणी ठेवणार नाही. तुझी ती सात नंबरची खोली, कडी, घंटा, सगळं त्या एका खुणेवर आहे. नंतर राहतो तो रस्ता, आणि रस्त्यावर पोलीस, तेही आता कायद्याने. आधी तुम्ही सगळ्याच बेकायदा होतात. आता फक्त त्या, ज्यांना घरच्यांनी नाही म्हटलं. 

गेल्या गुरुवारपर्यंत आमच्या कार्यालयाने एक्केचाळीस नोटिसा बजावल्या होत्या. चौतीस घरांनी 'नाही' म्हटलं. नोटिसा घेऊन जातो आमचा शिपाई, त्याला सगळे रेडिओ म्हणतात. माणूस वाईट नाही, पण त्याला काही कळलं की अर्ध्या तासात ते तिन्ही मजल्यांवर पोचलेलं असतं. तो परत आला की चहाच्या वेळी सगळं सांगतो. एका घरात बाप दाराच्या फटीतूनच म्हणाला, मुलगी मेली आमची, आणि कागद फटीतूनच परत केला. एका घरात भिंतीवर मुलीचा शाळेतला बक्षीस घेतानाचा फोटो होता, त्याच्याखाली उभं राहून भावाने 'नाही'वर खूण केली, आणि रेडिओने फोटोकडे पाहिलं तसा तो फोटोच्या पुढे सरकला. एका आईने विचारलं म्हणे, दोन्हीवर खूण केली तर चालेल का? मी ऐकायचे आणि माझं डोकं तडकायचं. म्हणायचे, कसली माणसं ही! एक टीचभर खूण करायची, तीसुद्धा होत नाही? दगड आहेत दगड. सगळ्यांसमोर म्हटलंय मी हे, एकदा नाही, अनेकदा.

तुला आठवतं, तू पाच-सहा वर्षांची असताना त्या मोठ्या कापडाच्या दुकानात हरवली होतीस? मी तुझा हात सोडून रिबिनी बघत बसले होते. वळून बघते तर तू नाहीस. मी दुकानभर फिरले. शेवटी वरच्या मजल्यावर तुला दुकानदाराने काउंटरवर बसवलेलं दिसलं, पाय हलवत, हातात कापडाचे नमुने. तो विचारत होता, "कुणाची गं तू?" बाबांचं नाव तुला पाठ होतं, पत्ता पाठ होता, घोटून घेतलेला. पण तू दर वेळी एकच सांगत होतीस, "ताईची." तो म्हणे, अगं, ताईचं नाव काय? तू म्हणे, ताई. घरी हे इतक्या वेळा सांगितलं गेलं की तुला त्याचा राग यायला लागला. मला मात्र कधी राग आला नाही. सगळ्यांना मी ते सांगत सुटायचे.

तर तुझा अर्ज. तो आवक वहीत चढलेला होता, म्हणून गायब करता येत नव्हता. नाहीतर केला असता, खोटं कशाला सांगू. सोमवार ते बुधवार मी तो शाईच्या डब्याखाली ठेवला. डोक्यात एकच घोळ. स्वतःच सही करून टाकावी? पण नोटीस रेडिओच्या हातूनच जायला हवी, त्याच्या वहीत पोच लागते. साहेबांना सांगावं, की हे माझं घर आहे, दुसऱ्या कुणाला द्या? म्हणजे दुसऱ्या कुणीतरी वाचलं असतं. आईला आधी सांगावं? तिचं ऑपरेशन गुरुवारी, रक्तदाब वाढला तर टेबलावर घेणार नव्हते. मी ठरवलं, ऑपरेशन होऊ दे, मग बघू. आमच्या ऑफिसचं रक्त अंगात आहे, दुसरं काय. गुरुवार-शुक्रवार मी रजेवर, आणि गुरुवारी हेडक्लार्कनी माझं टेबल साचलंय म्हणून कधी नव्हे ते स्वतःच्या हाताने उपसलं. शाईच्या डब्याखालचं सगळं रेडिओच्या पिशवीत गेलं.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला दाराची बेल वाजली. मी आईच्या गोळ्या काढत होते. दार उघडलं तर रेडिओ, पिशवी खांद्याला, ओशाळवाणा हसत. म्हणाला, "मॅडम, पत्ता तुमचाच दिसतोय. काहीतरी चूक असणार." आणि दारातच त्याने तुझं पूर्ण नाव मोठ्याने वाचलं. पुढे म्हणाला, "ही तुमच्या घरची नाहीच ना? नुसतं नाव सारखं असेल." अगं, तो मला सोडवायला बघत होता. वाट मोकळी करून दिली त्याने. समोरच्या बाई दळण घेऊन जिन्यात थांबल्या होत्या. आणि मी म्हणाले, "हो, चूकच असणार. आमच्याकडे असं कुणी नाही." त्याने वही आणि कागद पुढे केला. मी त्याच्याच पेनाने 'नाही'वर खूण केली आणि खाली सही केली, आपली लफ्फेदार, ऑफिसातली. तिसऱ्या पानावर. माझ्याच पानावर.

दार लावलं. आतून आईने हाक मारून विचारलं, कोण होतं? मी म्हणाले, ऑफिसचं काम.   संध्याकाळी मी तिची उशी सारखी करायला गेले, तुझ्याच अभ्र्यातली, तेव्हा म्हणाली, "सकाळी दारात काय म्हणालीस? आपल्याकडे असं कुणी नाही?" मी म्हणाले, तू तर आत पट्टी बांधून पडली होतीस. ती म्हणाली, "पट्टी डोळ्याला आहे, कानाला नाही." मग मी सगळं सांगितलं. अभ्र्यांच्या दोऱ्यांपासून जबड्यापर्यंत. रडत रडत, नाक पुसत, जसं सुचेल तसं. तिने मला जवळ घेतलं वगैरे काही नाही हं, गैरसमज नको. भिंतीकडे तोंड केलं. शनिवारी माझ्या हातचा चहा घेतला नाही. रविवारी तुझा फोन आला, तुम्ही दोघी डोळ्यावर, थेंबांवर, काळ्या चष्म्यावर बोललात, आणि मी स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहिले. फोन ठेवल्यावर तिने मला बोलावलं. म्हणाली, तिकडे तिच्या दाराला आतून कडी आहे का? मी म्हणाले, आहे, अर्जात लिहिलंय. म्हणाली, आणि ती उघडायला लावणारं कुणी नाही ना? त्याचा रकाना आमच्या अर्जात नाही. 

काल मी साहेबांकडे टिपण दिलं, की तिसरं पान कायद्यात मागितलेलं नाही, ते माझ्या चुकीने आलं, ते रद्द करावं आणि बाद झालेले चौतीस अर्ज पुन्हा उघडावेत. पस्तीस लिहायला हवं होतं. चौतीस लिहिलं, खोडलं, पस्तीस केलं. साहेबांनी त्यावर 'चर्चा करावी' असं लिहून परत पाठवलं. ही चर्चा कधी होते ते तुला ठाऊक नाही, मला ठाऊक आहे. एक तारखेच्या आत नक्कीच नाही. पण त्या चष्मेवालीला मी निरोप धाडलाय, की तुमची पेन्सिलीच्या खुणांची प्रत घेऊन पुन्हा या, या वेळी मी माइक पुढे ओढणार नाही.

आता हे पत्र का, ते. येत्या शुक्रवारी, एकोणीस तारखेला, बाद अर्जांचं टपाल आमच्याकडून निघेल. त्यात तुझं पाकीट असेल. त्यावर छापलेलं असेल, 'घरच्यांनी ओळख नाकारली', आणि खाली नाकारणाऱ्याची सही जशीच्या तशी. तू मला शाळेच्या प्रगतिपुस्तकावर ती सही करायला लावायचीस, आईला मार्क कळू नयेत म्हणून, तेव्हा ती तू लांबूनही ओळखशील. ती पाहायच्या आधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. माफ कर असं लिहिणार होते, पण ते पाच वेळा लिहून खोडलं, तेवढ्यावर भागत नाही. टाचणीने लावलाय तो फेरपडताळणीचा अर्ज आहे, बाद झाल्यावर ती एकदाच मागता येते. मी भरलाय, सही तुझीच लागते, आणि तो सव्वीस तारखेच्या आत आमच्याकडे पोचायला हवा, नाहीतर तीन वर्षं गेली. सही करायची की नाही, तू ठरव. या सगळ्यात तुला कुणी काही विचारलेलंच नाही, मी तरी विचारते. फक्त माझ्यावरच्या रागापायी ठरवू नकोस, राग वेगळा काढून ठेव, तो मी नंतर सगळा घेईन. आई म्हणते, फेरपडताळणीत 'होय'वर खूण करून घरची सही ती करणार, घर तिच्या नावावर आहे. मी म्हटलं मी करणार. रकाना एकाच सहीचा आहे, दुसरी समासात करू. रेडिओ पुन्हा येईल, दारात उभा राहून तुझं पूर्ण नाव मोठ्याने वाचेल, आणि जेवणाच्या सुट्टीआधी ते तिन्ही मजल्यांवर झालेलं असेल. होऊ दे. दार मीच उघडीन. समोरच्या बाई जिन्यात असल्या तर बरंच आहे. तो विचारेल, मॅडम, कुणाची ही? मी सांगेन, माझी.

तुझीच, विचारलंस तर आणि नाही विचारलंस तरी,
ताई